दहेज ते रास लफान : वायूपुरवठ्याची पाव शतकाची भागीदारी

मुंबईच्या रिक्षात भरला जाणारा सीएनजी, पुण्याच्या सदनिकेतील पाइपचा गॅस आणि अलिबागजवळच्या थळ येथे तयार होणारा युरिया या तिन्ही गोष्टींचा संबंध कतारच्या वाळवंटी किनाऱ्याशी आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. देशातील विहिरींतून निघणारा नैसर्गिक वायू आपल्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास भरतो. उरलेला वायू द्रवरूपात जहाजातून आणावा लागतो. या आयातीचा पाया ज्या कराराने घातला तो पेट्रोनेट एलएनजी आणि कतारची रासगॅस कंपनी यांच्यातील करार ३१ जुलै १९९९ रोजी झाला. त्याची मुदत २०२८ मध्ये संपत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात त्याला आणखी २० वर्षांची, म्हणजे २०४८ पर्यंतची मुदतवाढ देण्यात आली. एका कंपनीचा एका पुरवठादाराशी जवळजवळ अर्धशतक चालणारा हा व्यवहार कसा उभा राहिला, मध्येच तो मोडकळीस कसा आला आणि त्यातून मार्ग कसा निघाला, याचा हा आढावा.

वायू जहाजात कसा मावतो?

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत: मिथेन. खनिज तेल पिंपात भरून कोठेही नेता येते. वायूचे तसे नाही. त्याला वाहिनी लागते, आणि समुद्रापलीकडे वाहिनी नेणे खर्चाचे व राजकीयदृष्ट्या अवघड असते. इराणहून पाकिस्तानमार्गे भारतात येणाऱ्या प्रस्तावित वाहिनीची चर्चा वर्षानुवर्षे चालली. वायू मात्र कधी आला नाही.

दुसरा मार्ग थंडीचा आहे. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. हा द्रव म्हणजेच एलएनजी. तो जाड उष्णतारोधक टाक्या असलेल्या खास जहाजांतून नेला जातो आणि इच्छित बंदरात उष्णता देऊन त्याचे पुन्हा वायूत रूपांतर केले जाते. निघतो तेथे द्रवीकरणाचा कारखाना, वाटेत खास जहाजे, पोहोचतो तेथे टाक्या व वायूकरणाचे केंद्र आणि पुढे वाहिन्या, अशी ही साखळी असते. तिच्यातील प्रत्येक कडीला अब्जावधी रुपये लागतात आणि एक कडी नसेल तर बाकीच्या निरुपयोगी ठरतात. ग्राहक पक्का असल्याखेरीज विक्रेता कारखाना उभारत नाही. पुरवठा पक्का असल्याखेरीज ग्राहक बंदर बांधत नाही. म्हणूनच या व्यवसायात २०-२५ वर्षांचे करार रूढ झाले.

दोन्ही बाजूंची निकड

कतारच्या समुद्रात १९७१ मध्ये नॉर्थ फील्ड हे प्रचंड वायुक्षेत्र सापडले. त्याचाच पलीकडचा भाग इराणच्या हद्दीत असून तो साउथ पार्स या नावाने ओळखला जातो. मात्र त्या काळात सर्वांना हवे होते ते तेल. वायूला गिऱ्हाईक नव्हते. द्रवीकरणाचा मोठा खर्च पत्करून कतारने पहिली निर्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जपानला केली. कतार पेट्रोलियम आणि अमेरिकेची मोबिल (पुढे एक्झॉनमोबिल) यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या रासगॅसने १९९९ मध्ये दक्षिण कोरियाला वायू पाठवण्यास सुरुवात केली. पण केवळ पूर्वेकडील दोन-तीन देशांवर विसंबून राहणे कतारला परवडणारे नव्हते. तीन दिवसांच्या सागरी अंतरावर असलेला भारत हा त्याच्यासाठी स्वाभाविक शेजारी होता.

भारताची निकड वेगळी होती. बॉम्बे हायचा वायू हजीरा-विजयपूर-जगदीशपूर या वाहिनीने उत्तर भारतापर्यंत पोहोचला होता. त्या वाहिनीच्या भरवशावर खत कारखाने व वीज प्रकल्प उभे राहिले. पण वायूचे उत्पादन त्या वेगाने वाढले नाही. अखेर सरकारच्या पुढाकाराने एप्रिल १९९८ मध्ये पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी स्थापन झाली. गेल, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि ओएनजीसी या चार सरकारी कंपन्यांनी तिच्यात प्रत्येकी १२.५ टक्के भाग घेतला. सरकारी कंपन्यांचा वाटा एकूण ५० टक्क्यांवरच थांबवल्यामुळे पेट्रोनेट ही कायद्याच्या व्याख्येनुसार सरकारी कंपनी ठरत नाही, तरी तिच्या अध्यक्षपदी पेट्रोलियम खात्याचे सचिव असतात. निर्णयाची मोकळीक खासगी कंपनीची आणि पाठबळ सरकारचे, अशी ही रचना आहे. फ्रान्सच्या गॅझ द फ्रान्स कंपनीने तंत्रज्ञानासह दहा टक्के भाग घेतला होता. नंतर ती बाहेर पडली.

१९९९ चा करार वर्षाला ७५ लाख टनांचा होता. त्यापैकी ५० लाख टन गुजरातमधील दहेजसाठी आणि २५ लाख टन केरळमधील कोचीसाठी ठरले होते. कोचीचे केंद्र रखडल्याने पुढे सगळाच वायू दहेजकडे वळवण्यात आला.

एका आकड्याची कथा

वायूची किंमत ठरवणे हा अशा करारातील सर्वांत नाजूक भाग असतो. तेलाला जागतिक बाजारभाव आहे. वायूला तसा एकच भाव नाही. त्यामुळे आशियात वायूची किंमत तेलाच्या भावाशी बांधण्याची पद्धत पडली. कतारच्या करारातही वायूचा दर जपानमध्ये आयात होणाऱ्या तेलाच्या सरासरी भावाच्या १२.६७ टक्के असा ठरला होता. वायू मोजण्याचे एकक दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एकक, म्हणजेच ‘एमएमबीटीयू’ हे आहे. तेल पिंपाला २० डॉलर असेल तर या सूत्राने वायूचा दर एमएमबीटीयूला २.५३ डॉलर येतो. तेल ६० डॉलर झाले तर ७.६० डॉलर आणि १०० डॉलर झाले तर १२.६७ डॉलर.

प्रत्यक्ष पुरवठा सुरू होण्यापूर्वी, २००३ मध्ये, भारतीय ग्राहकांना हे सूत्र परवडणार नाही असे दिसू लागले. त्या वेळी उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक केंद्रात पेट्रोलियममंत्री होते. फेरवाटाघाटींत तेलाचा भाव २० डॉलर गृहीत धरून पहिली पाच वर्षे दर २.५३ डॉलरवर गोठवण्यात आला. हा निर्णय भारताच्या किती पथ्यावर पडला, हे पुढे उघड झाले. तेल चढत गेले आणि जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोहोचले. कतारचा वायू मात्र २००८ च्या अखेरीपर्यंत ठरलेल्या २.५३ डॉलरनेच जहाजात भरला जात होता.

या सवलतीला मुदत होती. जानेवारी २००९ पासून दर टप्प्याटप्प्याने तेलाच्या भावाशी जोडण्यात आला आणि ही जोडणी पाच वर्षांत पूर्ण झाली. भावातील चढउतारांचा धक्का बसू नये म्हणून तेलाचा महिन्याचा भाव न धरता मागील ६० महिन्यांची सरासरी धरण्याचे ठरले होते. वरवर पाहता ही तरतूद शहाणपणाची होती. पुढे हीच तरतूद अडचणीची ठरली.

दहेजचे बंदर

भडोच जिल्ह्यातील दहेज हे खंभातच्या आखातावरील ठिकाण. येथे देशातील पहिले एलएनजी केंद्र उभारण्यात आले. ‘दिशा’ हे जहाज कतारचा पहिला माल घेऊन ३० जानेवारी २००४ रोजी येथे पोहोचले. फेब्रुवारीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले आणि एप्रिलपासून व्यापारी पुरवठा सुरू झाला. करारातील २५ वर्षांची मोजणी पुरवठ्यापासून धरलेली असल्याने १९९९ चा हा करार २०२८ पर्यंत चालतो.

‘दिशा’ची क्षमता सुमारे १ लाख ३८ हजार घनमीटर द्रव वायूची आहे. वजनात हे साधारण ६० हजार टनांच्या पुढे जाते. ७५ लाख टनांचा हिशेब मांडला तर अशा जहाजाच्या वर्षाला सुमारे १२० खेपा होतात, म्हणजे दर तीन दिवसांना एक. ‘दिशा’ आणि ‘राही’ ही जहाजे २००४ मध्ये दाखल झाली, तर २००९ मध्ये ‘असीम’ची भर पडली. जपानी जहाज कंपन्यांबरोबर मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय नौवहन महामंडळ या जहाजांचे भागीदार आहे. एलएनजी वाहतुकीचा अनुभव भारतीय दर्यावर्दींना प्रथम या जहाजांवर मिळाला.

दहेजची क्षमता २००४ मध्ये वर्षाला ५० लाख टन होती. ती २००९ मध्ये एक कोटी, २०१६ मध्ये दीड कोटी आणि २०१९ मध्ये १ कोटी ७५ लाख टनांवर गेली. पेट्रोनेट हा वायू स्वत: घरोघरी विकत नाही. गेल, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम या तिच्याच प्रवर्तक कंपन्या अनुक्रमे ६०, ३० आणि १० टक्के या प्रमाणात कतारचा वायू उचलतात व पुढे विकतात. आलेला माल पुढे विकण्याची हमी या कंपन्यांनी दिली असल्यामुळे पेट्रोनेट कतारला हमी देऊ शकते.

महाराष्ट्राचा वाटा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या कराराला एक कडवट पार्श्वभूमी आहे. दहेजच्या आधीच एलएनजी आणण्याची योजना दाभोळमध्ये आखली गेली होती. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीने ओमान व अबुधाबीशी वायूचे करार केले होते. परंतु विजेच्या दराच्या वादात २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि अर्धवट राहिलेले केंद्र गंजत पडले. दाभोळमध्ये एकाच महागड्या वीज ग्राहकावर सगळी भिस्त होती. दहेजचा वायू मात्र आधीच अस्तित्वात असलेल्या वाहिन्यांच्या जाळ्यात सोडण्यात आला आणि खत, वीज, तेलशुद्धीकरण व शहर वायू अशा अनेक ग्राहकांत वाटला गेला. दोन प्रकल्पांच्या नशिबातील फरक बऱ्याच अंशी येथे आहे.

पुढे दाभोळला आधार मिळाला तोही दहेजचाच. दहेज-उरण व पनवेल-दाभोळ या वाहिन्या २००७ मध्ये कार्यान्वित झाल्या आणि त्याच वर्षी पुनरुज्जीवित दाभोळ प्रकल्पासाठी कतारकडून जादा वायू घेण्यात आला. याच वाहिन्यांमुळे मुंबई व पुणे परिसर आयात वायूशी जोडले गेले. दाभोळचे स्वत:चे एलएनजी केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने अनेक वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे.

२०१५ चा पेच

कराराची खरी परीक्षा २०१५ मध्ये झाली. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले. खुल्या बाजारात एलएनजी ६-७ डॉलरना मिळू लागला. कतारच्या वायूचा दर मात्र १२-१३ डॉलरच्या आसपास राहिला. कारण ६० महिन्यांच्या सरासरीत १०० डॉलरच्या वरची जुनी वर्षे अद्याप मोजली जात होती. भाव चढताना जी सरासरी ढाल ठरली असती, तीच भाव उतरताना ओझे बनली. खत व वीज कारखानदारांनी महाग वायू घेण्यास नकार दिला.

अशा करारांत ‘घ्या किंवा पैसे भरा’ ही अट असते. ठरलेला माल उचलला नाही तरी त्याचे पैसे द्यावे लागतात. पेट्रोनेटने २०१५ मध्ये ठरल्यापेक्षा सुमारे ३२ टक्के कमी वायू उचलला. करारानुसार त्यापोटी होणारी रक्कम सुमारे १२ हजार कोटी रुपयांच्या घरात जात होती. कायद्याच्या भाषेत बाजू कतारची भक्कम होती. व्यवहाराच्या भाषेत मात्र चित्र वेगळे होते. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतून नवा वायू बाजारात येऊ घातला होता, जपान व कोरियाची मागणी मंदावली होती आणि भारत ही वाढती बाजारपेठ होती. दंड वसूल करून असा ग्राहक गमावण्यात कतारचा फायदा नव्हता.

३१ डिसेंबर २०१५ रोजी सुधारित करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. ६० महिन्यांच्या सरासरीऐवजी ब्रेंट तेलाच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आधार घेण्यात आला. त्यामुळे दर जवळजवळ निम्म्यावर आला. दंडाची आकारणी सोडून देण्यात आली. न उचललेला वायू कराराच्या उरलेल्या काळात घेण्याची मुभा मिळाली. बदल्यात भारतीय कंपन्यांनी वर्षाला आणखी १० लाख टन वायू घेण्याचे मान्य केले. दंडमाफीच्या मोबदल्यात कतारला अशा रीतीने वाढीव विक्री मिळाली. या तडजोडीनंतर दोन वर्षांत भारताने ऑस्ट्रेलियाच्या गॉर्गन प्रकल्पातील वायूच्या दरातही सवलत मिळवली. दीर्घ मुदतीचा करार म्हणजे दगडावरची रेघ, ही समजूत यानंतर या व्यवसायात राहिली नाही.

गोव्यातील मुदतवाढ

त्यानंतरची वर्षे कसोटीचीच होती. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन व इजिप्तने कतारची कोंडी केली. ती जानेवारी २०२१ पर्यंत चालली, पण भारताचा पुरवठा थांबला नाही. दरम्यान, जानेवारी २०१८ मध्ये रासगॅस ही कतारगॅसमध्ये विलीन झाली आणि २०२१ मध्ये कतार पेट्रोलियमचे नाव कतारएनर्जी झाले. विक्रेत्याची पाटी बदलली. करार तोच राहिला.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोप खुल्या बाजारातून मिळेल तो वायू उचलू लागला. एलएनजीचे भाव काही काळ ५० डॉलरच्याही पुढे गेले. रशियाच्या गॅझप्रॉमच्या पूर्वीच्या उपकंपनीने गेलला ठरलेला माल देणे थांबवले. अशा वेळी तेलाच्या भावाशी बांधलेला कतारचा वायू भारताला कितीतरी स्वस्त पडला. सात वर्षांपूर्वी ज्या कराराला गळफास म्हटले जात होते, त्याचीच आता ढाल झाली.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यातील बेतूल येथे ‘इंडिया एनर्जी वीक’ परिषदेच्या वेळी पेट्रोनेट व कतारएनर्जी यांनी २०२८ ते २०४८ या काळासाठी वर्षाला ७५ लाख टनांचा करार केला. नव्या करारात दोन महत्त्वाचे बदल आहेत. पहिला वाहतुकीचा. आतापर्यंतच्या करारात कतारच्या बंदरात जहाज भरले की माल भारताचा होत असे आणि जहाजाची व्यवस्था पेट्रोनेटकडे होती. २०२८ नंतर माल भारतीय बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल. दुसरा बदल वायूच्या घटकांचा. मूळ कराराने येणाऱ्या वायूत इथेन व प्रोपेनचे प्रमाण चांगले असते. ओएनजीसीने ते वेगळे काढण्याचा प्रकल्प दहेजलाच उभारला आणि तेथील पेट्रोरसायन कारखान्याला कच्चा माल मिळाला. नव्या करारातील वायू मुख्यत: मिथेन असेल. त्यामुळे २०२८ नंतर इथेन वेगळे आयात करण्याची तयारी ओएनजीसीला करावी लागत आहे. वायू कमी दराने मिळणार असल्याचे सांगितले गेले, पण दराचे नेमके सूत्र अधिकृतपणे जाहीर झालेले नाही. स्वस्ताईचा हिशेब मांडताना इथेनचा हा खर्चही धरायला हवा.

भरवसा आणि जोखीम

या भागीदारीचा सर्वांत दुबळा दुवा नकाशावर दिसतो. रास लफानहून निघालेल्या प्रत्येक जहाजाला होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागते. सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी तिची रुंदी जेमतेम ३३ किलोमीटरच्या आसपास आहे. जगातील एलएनजी व्यापाराचा सुमारे पाचवा हिस्सा येथून जातो. सौदी तेलाला लाल समुद्राकडे नेणारी वाहिनी तरी आहे. कतारच्या वायूला दुसरी वाट नाही. कराराची मुदत, दराचे सूत्र, दंडाच्या अटी यांपैकी काहीही या अरुंद पाण्याचा धोका कमी करू शकत नाही. युद्धासारख्या आपत्तीत विक्रेत्याला पुरवठ्याच्या बंधनातून सूट देणारे कलम अशा करारांत असतेच. माल पोहोचवण्याची जबाबदारी कतारवर गेली म्हणून हा धोका जात नाही. जहाज आले नाही तर चूल आपलीच थंड राहणार. त्यातच तेलाप्रमाणे वायूचा मोठा साठा करून ठेवण्याची सोय आपल्याकडे नाही. एलएनजी केंद्रांतील टाक्या काही दिवसांच्या गरजेपुरत्याच असतात.

दुसरी जोखीम पैशाची आहे. दर डॉलरमध्ये व तेलाच्या भावावर ठरत असल्याने तेल चढले किंवा रुपया घसरला की आयात वायू महागतो. युरियाची विक्री किंमत सरकार ठरवते. त्यामुळे वायू महागला तरी शेतकऱ्याला त्याची झळ थेट बसत नाही, वाढीव बोजा अनुदानावर आणि पर्यायाने करदात्यावर पडतो. शहरांत मात्र असे कवच नाही. २०२४ च्या उत्तरार्धात शहर वायू कंपन्यांना मिळणाऱ्या स्वस्त देशी वायूचा कोटा कमी झाला, तेव्हा मुंबईत सीएनजी महागला.

तिसरा प्रश्न काळाचा आहे. देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. तो २०३० पर्यंत १५ टक्के करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले. दुसरीकडे, २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे अभिवचनही देशाने दिले आहे. सौर वीज आणि बॅटरीवरील वाहने स्वस्त होत गेली, तर २०४० च्या दशकात ७५ लाख टन वायू उचलणे २०१५ प्रमाणे पुन्हा जड जाऊ शकते.

तरीही दोन्ही देशांना हा व्यवहार टिकवावासा वाटला, याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. २००३ मध्ये कतारने दर गोठवला, २०१५ मध्ये दंड सोडला. भारताने बदल्यात खात्रीची व वाढती बाजारपेठ दिली. लवचीकता दोन्ही बाजूंनी दाखवली म्हणून करार मोडला नाही. मात्र चांगला पुरवठादार असणे आणि एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे यांत फरक आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेतील वायू, देशातील वाहिन्यांचे जाळे आणि साठवणुकीची सोय यांची जोड मिळाली तरच २०४८ पर्यंतच्या या कराराचा भरवसा मुंबई-पुण्यातील ग्राहकाच्या शेगडीपर्यंत पोहोचेल.

महत्त्वाचे टप्पे

१९९८ : पेट्रोनेट एलएनजीची स्थापना
१९९९ : रासगॅसशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार
२००३ : फेरवाटाघाटी, पाच वर्षांसाठी दर २.५३ डॉलर
२००४ : ‘दिशा’ दहेजला दाखल, पुरवठा सुरू
२००७ : दहेज-उरण वाहिनी कार्यान्वित
२००९ : तेलाच्या भावाशी टप्प्याटप्प्याने जोडणी सुरू
२०१३ : कोची येथील एलएनजी केंद्र सुरू
२०१५ : दराचे सूत्र बदलले, दंड माफ
२०१८ : रासगॅसचे कतारगॅसमध्ये विलीनीकरण
२०२४ : गोव्यात २०४८ पर्यंतचा करार
२०२८ : मूळ कराराची मुदत समाप्ती